मसल रिलॅक्संटच्या गोळ्या सुटत नाहीयेत, कशा सोडवायच्या?

अनुजा_त

नमस्कार. नवऱ्याची कंबर दोनेक वर्षांपूर्वी धरली होती, डॉक्टरांनी पेनकिलर आणि सोबत स्नायू सैल करणारी कॅरिसोप्रोडॉल दिली, दोन आठवडे घ्या म्हणाले. कंबर बरी झाली पण गोळी काही थांबली नाही. आधी "आज जरा जास्त दुखतंय" म्हणून, मग झोप लागत नाही म्हणून, मग कशासाठी तेही विचारायचं राहून गेलं. दिवसाला तीन होत्या त्या आता सहावर आल्यात. मध्ये गोळ्या संपल्या आणि दीड दिवस मिळाल्या नाहीत तर माणूस ओळखू येईना, घाम, चिडचिड, शर्टाची बटणं लावताना हात इतके थरथरत होते की शेवटी मी लावून दिली. गोळी पोटात गेली आणि तासाभरात सगळं शांत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तो दारू पीत नाही, सिगरेट नाही, कामावर वेळेत जातो. याला व्यसन म्हणायचं का? आणि घरच्या घरी कमी करता येईल का? तो डॉक्टरकडे जायला तयार नाही, म्हणतो ही साधी दुखण्याची गोळी आहे, डॉक्टरांनीच तर दिलीय.

रणधीर७

ताई, डॉक्टर-बिक्टर राहू द्या, घरातल्या सगळ्या गोळ्या उचला आणि टाकून द्या. चार दिवस त्रास होईल, पाचव्या दिवशी माणूस मोकळा. मनाचा हिय्या केल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुटत नाही.

स्टेथोस्कोप

अनुजा, कृपा करून वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. रणधीर, तुमचा हेतू चांगला आहे पण यात जीव जाऊ शकतो, म्हणून स्पष्ट लिहितोय. मी फिजिशियन आहे.

कॅरिसोप्रोडॉल पोटात गेली की लिव्हरमध्ये तिचं मेप्रोबामेट नावाचं द्रव्य तयार होतं. हे मेप्रोबामेट म्हणजे १९५५ साली अमेरिकेत चिंतेवरची गोळी म्हणून बाजारात आलेलं आणि तुफान खपलेलं औषध, ज्याची लोकांना सवय लागते हे नंतर लक्षात आलं. म्हणजे तुमचे मिस्टर कंबरेसाठी जी गोळी घेतात तिच्या पोटी एक गुंगीचं औषध आहे, आणि तेच शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. मूळ गोळीचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मेप्रोबामेटला त्यासाठी दहा तासांच्या आसपास लागतात. ही गोळी दोन ते तीन आठवड्यांच्या वर देऊ नये असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. युरोपच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली, नॉर्वेतून २००८ मध्ये ती बाजारातून गेली, आणि अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून ती नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. "साधी दुखण्याची गोळी" असती तर एवढं झालं नसतं, हे मिस्टरांना सांगा, पण भांडणाच्या सुरात नको.

आता अचानक बंद केली तर काय होतं. मेंदूत शांत करणारी एक यंत्रणा असते, गाबा म्हणतात तिला, ही औषधं तिचा जोर वाढवतात. महिनोन्‌महिने जोर वाढलेला राहिला की मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूने जोर लावायला लागतो. दोन माणसं एकाच दाराला दोन्ही बाजूंनी रेटतायत अशी कल्पना करा, एकाने एकदम हात काढला तर दार दुसऱ्याच्या जोराने धाडकन उघडतं. गोळी एकदम थांबली की मेंदूचा तो उलटा जोर मोकळा सुटतो. थरथर, घाम, झोप उडणं, धडधड, स्नायू फुरफुरणं, काहींना भास होतात, काहींना फिट येते. दीड दिवसात हात थरथरले म्हणजे शरीर या गोळीवर अवलंबून झालंय. याचा मनाच्या कमकुवतपणाशी काही संबंध नाही.

घरच्या घरी, स्वतःच्या अंदाजाने कमी करू नका. आणि डॉक्टर भेटेपर्यंत आहे तो डोस तसाच चालू ठेवा, वाढवू नका आणि थांबवूही नका.

रणधीर७

ठीक आहे. मग कमी करायची ती किती हळू? म्हणजे आठवडे लागतात की महिने? आमच्या ऑफिसात एकजण अशाच गोळ्या घेतो म्हणून विचारतोय.

स्टेथोस्कोप

गोळी कुठली, डोस किती, किती काळ चालू आहे, वय काय, सोबत आणखी काय घेतो, यावर सगळं ठरतं. थोडेच आठवडे घेतलेल्याला काही दिवसांत उतरवता येतं. वर्षानुवर्षं मोठा डोस घेणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, आणि कॅरिसोप्रोडॉल फारच वाढलेली असेल तर दवाखान्यात दाखल करून आधी जास्त वेळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधावर आणतात, मग ते औषध पायरीपायरीने उतरवतात, कारण दर चार तासांनी चढउतार होणाऱ्या गोळीपेक्षा संथ चालणारं औषध उतरवणं सोपं जातं.

डायझेपामसारख्या गोळ्या पाठीच्या दुखण्याला पण देतात, त्या मात्र खूप हळू. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती तज्ज्ञांच्या संघटनेने बेंझोडायझेपिन गटाबद्दल (डायझेपाम याच गटातली) जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करण्याचा विचार करा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर सहसा जाऊ नका असं आहे. म्हणजे महिनेच. मधे त्रास वाढला तर आहे त्या पायरीवर थांबायचं, आणि सावरल्यावर पुढे. एकदा थांबल्याने आधीची मेहनत वाया जात नाही.

फार्मसीवाली

मी फार्मासिस्ट आहे, एक गोष्ट काउंटरवर रोज दिसते ती सांगते. लोक "मसल रिलॅक्संट" म्हणून सगळ्या गोळ्यांना एकाच माळेत ओवतात, पण आतलं औषध वेगवेगळं असतं आणि सोडतानाचे धोकेही वेगवेगळे. त्यामुळे पहिलं काम म्हणजे स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचणं. जमत नसेल तर फोटो काढून तुमच्या केमिस्टला दाखवा.

कॅरिसोप्रोडॉलचं वर आलंच. बॅक्लोफेन एकदम थांबवली तर भास आणि फिट येऊ शकतात, शिवाय ती मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडते म्हणून किडनी अधू असलेल्यांना साध्या डोसनेही ग्लानी येऊ शकते. टिझानिडीन थांबवली की बीपी आणि नाडी उसळी मारतात. सायक्लोबेंझाप्रिन रासायनिकदृष्ट्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्यांची जवळची नातलग आहे, ती सोडताना मळमळ, डोकेदुखी, अंग मोडून येणं असं होतं, त्रासदायक पण सहसा जीवावरचं नाही. थायोकोल्चिकोसाइडची कहाणी अजून वेगळी, तिथे प्रश्न सवयीपेक्षा पेशींवर होणाऱ्या परिणामाचा आहे, युरोपात २०१३ पासून ती तोंडाने सलग ७ दिवसांच्या वर द्यायची नाही असं ठरलंय. क्लोरझॉक्साझोन क्वचित लिव्हरला मोठी इजा करते.

आणि दुसरं, फार महत्त्वाचं. यातल्या खूपशा गोळ्या एकट्या येत नाहीत, एकाच गोळीत पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकसारखं पेनकिलर मिसळलेलं असतं. स्नायूच्या औषधाची सवय लागून माणूस दोनाच्या चार गोळ्या करतो तेव्हा पॅरासिटामॉलही दुप्पट होतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि ताप-सर्दीच्या गोळीतही तेच असतं, बेरीज कोणी करत नाही. दुसऱ्या बाजूला पेनकिलरने जठर आणि किडनी. अनुजाताई, मिस्टरांच्या गोळीत आणखी काही आहे का ते आजच बघा.

अनुजा_त

बघितलं. पॅरासिटामॉल आहे. सहा गोळ्यांची बेरीज केली तर मर्यादेच्या आत बसतेय पण डोकं दुखलं की तो वेगळी पॅरासिटामॉल पण घेतो, ती आजपासून घरातून काढली. फार्मसीवाली, तुमचे खूप आभार, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

निळीशाई

मी यातून गेलेली आहे म्हणून लिहितेय. माझी मान आखडायची, टायपिंगचं काम. गोळी कॅरिसोप्रोडॉलच. सगळे विचारतात दुखणं परत आलं का, पण खरं सांगू का, दुखण्यापेक्षा झोपेने मला जास्त छळलं. वर्षभर गोळीच झोपवत होती, आपलं आपण झोपायचं असतं हेच शरीर विसरलं होतं. डोस खाली आला की रात्री दोन-अडीचला टक्क जाग, छातीत धडधड, आणि त्या वेळी डोक्यात एकच विचार, की एक घेतली तर सकाळपर्यंत सुटका.

डॉक्टरांनी मला झोपेसाठी दुसरी गोळी दिली नाही, झोपेची जी वर्तन-उपचार पद्धत असते तिच्यासाठी एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. तिथे जे सांगितलं ते ऐकायला उलटंच वाटतं, की झोप येत नसेल तर लोळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि सकाळी उठायची वेळ मात्र काही झालं तरी तीच. दुपारची डुलकी बंद. पहिले काही आठवडे मी दिवसभर पेंगत होते आणि रडायचे पण, मग हळूहळू रात्री जुळायला लागल्या.

आणखी एक, गोळ्या मी स्वतःकडे ठेवत नव्हते. बहिणीकडे असायच्या, ती आठवड्याच्या मोजून डबीत भरून द्यायची. रात्री अडीचला हात लांब करून मिळाली असती तर मी घेतलीच असती, एवढं मला स्वतःबद्दल माहीत होतं.

बाबांची_लेक

टिझानिडीनबद्दल विचारायचंय. बाबा ७१ वर्षांचे, पक्षाघातानंतर हात आखडतो म्हणून चालू आहे. दोनदा पडलेत. भावाचं म्हणणं या गोळीनेच घेरी येते, बंद करू. पण वर वाचून घाबरले.

स्टेथोस्कोप

भावाची शंका रास्त आहे, पद्धत मात्र बंद करण्याची नको. टिझानिडीन बीपी खाली आणते, उठताना घेरी येते, वयस्कर माणसं पडतात. एकदम काढली तर याच्या बरोबर उलटं होतं, बीपी वर, नाडी जोरात, आणि आखडणं आधीपेक्षा वाईट. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसात बीपीची अशी उसळी आपल्याला नकोच आहे. विशेषतः दिवसाला २० ते २८ मिलिग्रॅमच्या घरात, आणि ९ आठवड्यांहून जास्त काळ चालू असेल तर ती रोज २ ते ४ मिलिग्रॅमच्या पायरीने उतरवायची असं कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे. ते काम त्यांच्या न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली, रोज बीपी लिहून ठेवत. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळचं.

हेही बघा की मधे कुठलं अँटिबायोटिक चालू केलंय का. सिप्रोफ्लॉक्सासिन टिझानिडीनसोबत द्यायचीच नसते, ती लिव्हरमधला निचरा अडवते आणि रक्तातलं टिझानिडीन कितीतरी पटीने वाढतं. लघवीच्या इन्फेक्शनला ती सर्रास दिली जाते.

बाबांची_लेक

डॉक्टर, पहिल्यांदा पडले त्या आठवड्यात लघवीचं इन्फेक्शनच झालेलं. फाइल काढते. उद्या फोन करते त्यांच्या डॉक्टरांना.

चाकाची_खुर्ची

या धाग्यात माझी बाजू पण यायला हवी असं वाटतंय. माझ्या मणक्याला इजा आहे, कमरेखाली संवेदना नाही पण पाय मात्र आपोआप ताठ होतात, रात्री गुडघे छातीला येऊन भिडतात, खुर्चीतून फेकला जाईन इतके झटके. मी बॅक्लोफेन घेतो आणि घेत राहणार. आधी गोळ्या होत्या, आता पोटात त्वचेखाली पंप बसवलाय, तो थेंब थेंब औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतो.

माझं शरीर या औषधावर अवलंबून आहे, हो. पण मला याची ओढ नाही, मी डोस चोरून वाढवत नाही, या औषधाने मला खुर्चीत बसून काम करता येतं. नातेवाईक "एवढी वर्षं गोळ्या, सवय लागली असेल, सोडून दे" असं म्हणतात तेव्हा फार लागतं मनाला. हा धागा वाचून कोणी आपल्या घरातल्या अशा पेशंटच्या मागे लागू नये एवढीच विनंती.

आणि पंपवाल्यांसाठी: रिफिलची तारीख चुकवू नका. पंप रिकामा झाला, नळी वाकली किंवा सुटली की औषध एकदम तुटतं. माझ्या बाबतीत सुरुवात अंगाला खाज सुटण्याने झाली होती, पुरळ-बिरळ काही नाही, नुसती खाज, आणि पाय परत ताठ व्हायला लागले. मला आधीच समजावून ठेवलेलं असल्याने लगेच हॉस्पिटल गाठलं. यात पुढे खूप ताप चढतो, माणूस भ्रमिष्ट होतो, स्नायू इतके कडक होतात की तुटायला लागतात आणि किडनी व इतर अवयव बंद पडू शकतात. सोबत पंपचं कार्ड कायम ठेवा, तातडीच्या विभागातल्या प्रत्येकाला हे माहीत असेलच असं नाही.

फार्मसीवाली

चाकाची_खुर्ची, खूप गरजेचा प्रतिसाद. मज्जारज्जू किंवा मेंदूच्या आजाराने येणारा ताठरपणा आणि कंबर धरल्यावर येणारा गोळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्याला दीर्घकाळ औषध लागतंच.

मेधा_फिजिओ

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी लिहिते, म्हणजे साधी कंबर आणि मान. पेशंट म्हणतात "गोळी सोडली की दुखतं, म्हणजे मला गोळीची गरज आहे". पण डोस उतरला की स्नायू काही काळ जास्तच घट्ट होतात आणि झोप कमी झाल्याने दुखणं जास्त टोचतं, हा सोडण्याचाच परिणाम असतो, मूळ दुखणं बळावलं असं नाही. दोन्हीत फरक असा करते मी: सोडण्याचा त्रास डोस उतरवल्यावर काही तासांत-दिवसांत येतो, सोबत घाम, थरथर, अस्वस्थपणा असतो आणि मग ओसरतो. मूळ दुखणं वाकणं, उचलणं, फार वेळ बसणं यांच्या मागे येतं.

आणि खरं म्हणजे या गोळ्यांचा कंबरेला उपयोग लोक समजतात तेवढा नाही. २०२१ मध्ये आधीच्या चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत या गोळ्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं १०० पैकी ८ गुणांपेक्षाही कमी उतरलं, आणि तेवढंसुद्धा फार खात्रीने सांगता येत नाही असं त्या लोकांनी लिहिलंय. गोळी घेतल्यावर जो "आराम" वाटतो त्यातला मोठा वाटा गुंगीचा आहे.

म्हणून डोस उतरवायच्या आधी कंबरेची तयारी करा, नंतर नाही. चालणं, कंबर-नितंबाचे जोर वाढवणारे व्यायाम, शेक, बसायची जागा नीट. मी पेशंटला डोस कमी व्हायच्या दोनतीन आठवडे आधीपासून बोलावते, म्हणजे पहिली वाईट रात्र येते तेव्हा गोळीशिवाय करता येईल असं काहीतरी त्यांच्या हाताशी असतं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. पायात मुंग्या, ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं असं काही झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

अनुजा_त

आज एक झालं. कपाटात हिवाळ्याच्या कपड्यांत चार स्ट्रिप सापडल्या. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि एक झेरॉक्स. मी विचारलं तर आधी चिडला, मग गप्प बसून राहिला. आता वाटतंय की स्टेथोस्कोप म्हणतात तसं फक्त शरीर अवलंबून झालंय एवढंच नाहीये हे. मी काय बोलू त्याच्याशी?

उमेद_समुपदेशक

अनुजा, मी व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं याला व्यसन म्हणायचं का. चाकाची_खुर्ची यांनी स्वतःचं जे लिहिलंय ते एक टोक, औषध लागतं पण औषध आयुष्य चालवत नाही. २०१३ पासून वापरात असलेल्या मानसोपचाराच्या निकषांतही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सांगितल्याप्रमाणे घेताना शरीराला सवय होणं आणि सोडताना त्रास होणं या दोन गोष्टी व्यसनात धरत नाहीत. बाकीचं बघतात: ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, मिळवण्यात वेळ जाणं, ओढ लागणं, कामात-घरात नुकसान होऊनही चालू ठेवणं. तुमच्या घरात यातलं काही दिसतंय. म्हणून त्यांना दोन्ही उपचार लागतील, डोस उतरवण्याचा आणि मनाचाही.

बोलताना पुरावे समोर मांडून कबुली घ्यायला जाऊ नका. त्यांना काय वाटतंय ते आधी विचारा. मला स्वतःला हे शब्द उपयोगी पडतात: "गोळी नसेल तेव्हा तुला जे होतं ते बघून मला भीती वाटते. तू एकट्याने ते सहन करतोयस. आपण दोघं जाऊन फक्त विचारून येऊ." लपवलेल्या स्ट्रिप सापडल्या म्हणून आत्ताच्या आत्ता जप्त करू नका, अचानक तुटलं तर काय होतं ते वर आलंय. लाज वाटली की माणूस आणखी खोल लपवतो, आणि डॉक्टरला खरा डोस सांगत नाही, मग डॉक्टर चुकीच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि पेशंट तिसऱ्या दिवशी थरथरत परत दुकानात. त्यामुळे खरा आकडा डॉक्टरांसमोर येणं, हीच पहिली लढाई.

स्टेथोस्कोप

उमेदताईंच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. मला पेशंटने सहा सांगून प्रत्यक्षात दहा घेतल्या तर माझा सगळा हिशोब कोसळतो. आम्ही रागावणार नाही, निदान रागावू नये.

अजून एक, सगळ्यांसाठीच. या गोळ्यांबरोबर दारू, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉलसारखी अफूवर्गीय पेनकिलर असं काहीही एकत्र झालं तर श्वास मंदावतो. प्रत्येक डोस एकेकटा सुरक्षित वाटला तरी एकत्र मिळून माणूस झोपेतच दगावू शकतो. माणूस हलवूनही उठत नाही, घोरण्यासारखा घरघर आवाज येतोय, ओठ निळसर झालेत, असं दिसलं तर झोपू द्या म्हणू नका, कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, सगळ्या स्ट्रिप सोबत न्या. अफूवर्गीय गोळीची शंका असेल आणि तिच्यावरचा उतारा, नॅलॉक्सोन, हाताशी असेल तर ते द्यावं, पण मसल रिलॅक्संटवर त्याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे हॉस्पिटल टळत नाही.

फिट, भास, खूप ताप, छातीत दुखणं, जीव द्यावासा वाटणं, हेही तितकंच तातडीचं.

निळीशाई

त्या शेवटच्याबद्दल दोन शब्द. डोस उतरवताना मधल्या काही आठवड्यांत मला कशातच अर्थ वाटेनासा झाला होता, आणि हे सोडण्याच्या त्रासाचा भाग असू शकतं हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पुढची पायरी लांबवली आणि दर आठवड्याला फोन करायला लावला. अनुजा, मिस्टर गप्प गप्प राहायला लागले तर सरळ विचारा, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार येत नाही.

अनुजा_त

अपडेट देते. दोघं जाऊन आलो. तो आधी म्हणाला बाहेरच थांब, मग स्वतःच आत बोलावलं. खरा आकडा आठ निघाला. डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतला, फिट कधी आली का, झोपेत श्वास अडतो का, लिव्हर-किडनीच्या तपासण्या, सगळं विचारलं. पॅरासिटामॉलवाली गोळी बंद करून नुसती कॅरिसोप्रोडॉल दिलीय म्हणजे उतरवताना हिशोब एकाच औषधाचा राहील. सुरुवातीचे काही दिवस दाखल व्हायला सांगितलंय, पुढच्या सोमवारपासून. तोपर्यंत डोस आहे तोच, वेळ ठरवून, चुकवायचा नाही. आता एकच डॉक्टर, एकच केमिस्ट, बाकीच्या चिठ्ठ्या त्याने स्वतः फाडल्या. फिजिओ या आठवड्यातच सुरू होतेय.

डॉक्टरांनी एक सांगितलं ते मला नवीन होतं, की काही लोकांच्या लिव्हरमध्ये कॅरिसोप्रोडॉलचं रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच मंद असतं, त्यांच्या रक्तात मूळ गोळीच साचून राहते आणि गुंगी फार येते. स्टेथोस्कोप, हे तपासायला हवं का?

स्टेथोस्कोप

छान बातमी, आणि खरा आकडा बाहेर आला हे सगळ्यात छान. हो, सीवायपी-२सी१९ नावाचं ते एन्झाइम. आशियाई वंशाच्या लोकांत साधारण १५ ते २० टक्के लोकांत ते मंद असतं, युरोपीय वंशाच्या लोकांत ३ ते ५ टक्के. अशा माणसात मूळ गोळीचा रक्तातला अंश सुमारे चौपट होतो आणि मेप्रोबामेट निम्म्याने कमी. आत्ता मात्र तपासणीच्या मागे लागायची गरज नाही, दाखल असताना ते रोज बघूनच पायरी ठरवतील. आम्लपित्ताची ओमेप्राझोल चालू असेल तर तेवढं सांगा, तीही याच एन्झाइमला अडवते.

रणधीर७

आमच्या ऑफिसातल्या मित्राशी बोललो, तो टिझानिडीन आणि डायझेपाम दोन्ही घेतोय. डॉक्टरकडे जायला तयार झालाय. दोन्ही एकदम कमी करतात का? आणि तो रोज बाइकवर येतो, ते चालेल का?

फार्मसीवाली

सहसा दोन्ही एकाच वेळी उतरवत नाहीत, एकावेळी एकच हलवलं तर कुठल्या औषधाने काय होतंय ते कळतं. आधी कुठलं ते त्याचे डॉक्टर ठरवतील. चिठ्ठीबरोबर बीपीचे आकडे न्यायला सांगा.

बाइक सध्या नको. दोन्ही गोळ्यांनी गुंगी येते आणि हात उशिरा हलतो, माणसाला स्वतःला मात्र आपण ठीक आहोत असंच वाटतं. डोस उतरवतानाचे दिवसही तसेच, रात्रीची झोप तुटलेली असते, डायझेपाम उतरवताना फिटची शक्यता असते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत कोणाच्या तरी मागे बसून किंवा बसने. त्याच्या घराच्या वाटेवर तुम्ही असाल तर तुम्हीच घेऊन या त्याला.

रणधीर७

वाटेवरच आहे. उद्यापासून आणतो.